सरळ उजेड

थोरलीनं काउंटरवरची लेन्स उचलली, ट्यूबलाइटकडे धरली आणि एक डोळा मिटून तिच्यातून पाहिलं. लेन्स किंचित तिरकी केल्यावर काचेवरच्या लेपाचा जांभळा-हिरवा रंग एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकला. शेजारी उभी असलेली धाकटी श्वास रोखून तिच्या तोंडाकडे पाहत होती, निकालाच्या दिवशी फळ्यासमोर उभं राहावं तशी.

"कशी आहे?"

"काच चांगली आहे."

"म्हणजे घेऊ?"

"घाई काय आहे? दुकान काही पळून जात नाही."

दुकानदार हसला. चष्मा कपाळावर चढवून बोलायची त्याला सवय होती.

"मॅडम, तुम्हीही फोटो काढता वाटतं?"

"छे हो!" उत्तर धाकटीनंच दिलं. "ताई डोळ्यांच्या दवाखान्यात असते, मशीनवर. पण लेन्समधलं हिला सगळं कळतं. शाळेत माझे प्रकाशाचे धडे हिनंच करून घेतले होते."

थोरलीनं लेन्स खाली ठेवली. तिचं झाकण मात्र दोनदा घसरलं, नीट बसेना.

मशीनवर. लग्नाच्या आधीपासून ती डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढत आली होती. समोरच्यानं हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, आणि तिनं बाहुलीच्या त्या इवल्याशा भोकातून उजेड आत सोडून मागचा नारिंगी पडदा टिपायचा. हात कापला की फोटो गेला. पेशंट घाबरलेला असला की आधी त्याला बोलतं करायचं, मग टिपायचं. तिचे फोटो केसपेपरला लागत आणि खाली सही डॉक्टरांची असे. एकदा आईकडे सगळे जेवायला बसले असताना धाकटीच्या छंदाचं कौतुक चाललं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "मीही फोटोच काढते की." त्यावर तिचा नवरा म्हणाला, "अगं, पण ते भिंतीवर लावता येतात का?" सगळे हसले. तीही हसली.

आणि आता धाकटीनं नोकरी सोडली होती. एका पाळणाघरानं तिला मुलांचे फोटो काढायचं पहिलंवहिलं काम दिलं होतं. ते जमलं तर पाळणाघरवाल्या बाई आणखी चार ठिकाणी तिचं नाव सांगणार होत्या. नाही जमलं तर पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखती. आईनं आत्ताच शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं, "आमच्या घरात आता फोटोग्राफर आहे."

कॅमेरा निवडताना थोरली प्रामाणिक होती. दुकानदारानं भला दणकट कॅमेरा पुढे केला तेव्हा तिनं तो हातात तोलून पाहिला आणि बाजूला सारला. "मुलांच्या मागे पळायचंय तिला. हा गळ्यात अडकवला तर संध्याकाळी मान धरेल." तिनं हलका कॅमेरा निवडून दिला. बटणं बोटाखाली आपसूक येतात की नाही, अंधुक उजेडात चित्र किती खरखरीत होतं, सगळं बघून दिला.

धाकटीनं तो कॅमेरा डोळ्याला लावला. कुणी न शिकवता तिची कोपरं अंगाशी गेली, एक पाय मागे सरला, खांदे सैल पडले. दुकानदार कपाळावरचा चष्मा खाली ओढत काहीतरी सांगायला तोंड उघडत होता, तेवढ्यात तिनं बटण दाबलं.

"बघ ना ताई."

थोरलीनं छोट्या पडद्यावर पाहिलं. चष्मा अर्ध्यावर आलेला, तोंड शब्द सापडायच्या बेतात, आणि डोळ्यांत, सगळं आयुष्य काउंटरमागे उभं राहून गिऱ्हाइकाची वाट पाहिलेल्या माणसाचं मऊ कुतूहल. दुकानदारानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "अरेच्चा! हा तर मीच."

"तुम्ही नाही तर काय तुमचे काका?" धाकटी खिदळली.

थोरलीनं कॅमेरा परत दिला. कुणीतरी छातीत चिमटा लावून तो मोठ्या सावकाशीनं घट्ट करत न्यावा तसं तिला झालं.

"आता लेन्स," दुकानदार म्हणाला. "पोरांच्या चेहऱ्यांना ही छोटीच बरी. हिचं तोंड मोठं, उजेड भरपूर घेते. आणि दिव्यासाठी स्टँडवरची छत्री. बाजूनं मऊ उजेड पडतो, खिडकीसारखा."

"छत्री घेऊन हिंडणार कुठे ही?" थोरली म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "लहान मुलं ती. एकानं स्टँड ओढला तर डोक्यात पडायचा. आणि छोट्या लेन्सला अगदी जवळ जावं लागतं. कॅमेरा नाकाशी आला की मुलं बावरतात. ही लांबची लेन्स घे, चिमे. लांबून काढ, त्यांना कळणारसुद्धा नाही."

"आणि उजेड?"

"कॅमेऱ्यावरच बसणारा छोटा फ्लॅश असतो ना?"

दुकानदारानं तो काढला खरा, पण पुढे करताना त्याचा हात रेंगाळला. "याचं डोकं वळत नाही हं मॅडम. उजेड सरळ जातो. वळणारा दाखवू का? छतावर मारता येतो..."

"सुटसुटीत आहे," थोरली म्हणाली. "नवशिक्या माणसाला जितकी बटणं कमी तितकं बरं."

तिच्या बोलण्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. छत्री पडू शकते. मुलं बावरतात. आणि उजेड लेन्सला खेटून सरळ डोळ्यात गेला, माणूस लांब असला, खोलीत अंधार असला, की तो मागच्या पडद्यावर आपटून तसाच लेन्समध्ये परत येतो आणि बाहुल्या निखाऱ्यासारख्या लाल दिसतात, हेही खरं होतं. तेवढंच ती बोलली नाही. जगातले सगळे फोटोग्राफर जे टाळायला धडपडतात तेच ती दिवसभर पगार घेऊन करत होती. ते कसं घडतं हे तिच्याइतकं त्या दुकानात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तू म्हणशील ते," धाकटी म्हणाली आणि तिनं ताईचा दंड दाबला. "मला एकटीला यातलं ढिम्म कळलं नसतं."

पाळणाघरातलं काम झालं त्या संध्याकाळी फोन आला. थोरली कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ताई, सगळ्यांचे डोळे लाल आलेत गं! दुपारची झोप झाल्यावर काढले, पडदे ओढलेले होते. भुतांचं संमेलन भरल्यासारखं दिसतंय."

"होतं असं सुरुवातीला," थोरली म्हणाली. "मनाला लावून घेऊ नकोस."

फोन ठेवल्यावर तिनं उरलेल्या घड्या घातल्या. उशीच्या अभ्र्याची घडी मोडून पुन्हा घातली. मग स्वतःशीच गुणगुणायला लागली. नवऱ्यानं आतून विचारलं, "काय गं, आज स्वारी खुशीत?" तेव्हा ती एकदम गप्प झाली.

पण आठवड्याभरातच आईचा फोन आला, आणि तो कौतुकानं ओसंडत होता. धाकटीनं बसून एकेका मुलाचे डोळे कॉम्प्युटरवर साफ केले होते. पाळणाघरवाल्या बाई बेहद्द खूश होत्या. सगळ्यांत गाजला होता तो कुरळीचा फोटो. कुरळी म्हणजे पाळणाघरातली दोन वर्षांची पोर. केसांच्या वेटोळ्यांवरून सगळे तिला कुरळीच म्हणत. साबणाचा फुगा नाकावर फुटला त्या क्षणी तिला हसू फुटलं होतं, आणि बाईंनी तो फोटो मोठा करून थेट दारात लावला होता. येणारा-जाणारा थांबून बघत होता.

"दारात लावलाय बरं का," आई दुसऱ्यांदा म्हणाली.

"ऐकलं मी, आई."

रविवारी दुपारी आईकडे सगळे जमले तेव्हा धाकटीनं त्याच फोटोची आणखी एक मोठी प्रत आणली होती. आईनं ती पलंगावर भिंतीला टेकवून उभी केली आणि स्वतः दोन पावलं मागे सरून कमरेवर हात ठेवले.

"जिवंत आहे गं पोर. आत्ता खुदकन हसेल."

"मेहुणीबाई, मान गये," थोरलीचा नवरा म्हणाला. "आमचेही दोन काढा. जरा केस जास्त दाखवा म्हणजे झालं."

"भावोजी, मी फोटो काढते, जादू नाही करत."

हशा झाला. थोरली फोटोच्या अगदी जवळ जाऊन बसली. फोटो चांगला होता. तिला तो चांगला नसायला हवा होता, म्हणून ती इंच इंच तपासत गेली. कपाळ, फुग्याचे उडालेले थेंब, वरच्या ओठावरची लव. कुठे हललेलं नव्हतं, मोठं करताना कुठे फाटलेलं नव्हतं. शेवटी ती डोळ्यांशी आली. तिथे तिला हवं ते सापडलं.

डावी बाहुली सपाट काळी होती. उजव्या बाहुलीत फ्लॅशचा पांढरा ठिपका होता, डावीत नव्हता. काजळाच्या डबीत बोट बुडवून टेकवल्यासारखा गोल, कडा जरा जास्तच नेटकी.

"हा डोळा रंगवलायस तू," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

धाकटीचं हसू ओठांवरच अडलं. "सगळ्यांचेच केले. सांगितलं होतं ना, लाल आले होते म्हणून."

"दुसऱ्या डोळ्यात ठिपका ठेवलायस. याच्यात बाहुलीच गिळून टाकलीस. मेलेला दिसतो तो डोळा."

"अगं, काय हे बोलणं!" आई म्हणाली. "सोन्यासारखी पोर, आणि तू म्हणे मेलेला."

"मूळ फोटो दाखव."

"ताई, आत्ता कशाला?"

"दाखव म्हणते ना. शिकायचं असेल तर चुका चार माणसांत दाखवता आल्या पाहिजेत."

धाकटीनं लॅपटॉप उघडला. तिचे कान लाल झाले होते. थोरलीनं खुर्ची पुढे ओढली. आपल्या चेहऱ्यावर हसू आहे हे तिला जाणवत होतं. ते लपवावं असंही तिला वाटलं नाही. नवरा मागे येऊन उभा राहिला, आईही आली. मूळ फोटो पडद्यावर आला.

उजवी बाहुली लाल होती. डावी पांढरी होती.

दुधासारखी नव्हे, मांजराच्या डोळ्यावर रात्री गाडीचा झोत पडावा तशी, पिवळट, चमकदार.

थोरलीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. ते काढायचं कसं हेच तिला क्षणभर सुचेना.

"हा असा विचित्रच आला होता," धाकटी घाईघाईनं म्हणाली. "उजेड कसा तरी पडला असेल. म्हणून मी पूर्णच..."

"हिचे बाकीचे फोटो."

"कुणाचे?"

"कुरळीचे. सगळे काढ. टाकून दिलेलेसुद्धा."

एका फोटोनं काही ठरत नाही, हे तिला माहीत होतं. नजर नाकाकडे जरा वळलेली असली की पडद्यावरच्या नसेच्या जागेवरून उजेड परततो आणि निरोगी डोळाही पांढरा दिसतो. तसं असू दे, असं ती मनात म्हणत होती. धाकटी एकेक फोटो पुढे सरकवत गेली. कुरळी समोर बघत होती. कुरळी छताकडे बघत होती. कुरळी कुणाचं तरी बिस्किट ओढत होती. उजवी बाहुली दर वेळी लाल, डावी दर वेळी तशीच.

"हिच्या आईचा नंबर आहे तुझ्याकडे?"

धाकटीनं लॅपटॉप अर्धा मिटला. "ताई, एवढ्यासाठी तू तिच्या आईला फोन करणार? एक डोळा काळा केला तर काय आभाळ कोसळलं? सगळेच करतात. हे माझं पहिलं काम आहे गं."

"नंबर दे, चिमे."

"तुला बघवतच नाही ना?"

आईनं पलंगावरची चादर उगाच सारखी केली. थोरलीनं हात पुढे केला तो केलाच. धाकटीनं शेवटी फोन तिच्या तळहातावर आपटावा तसा ठेवला.

सोमवारी सकाळी कुरळीची आई दवाखान्यात आली. पोरीला भूल देऊन डोळा तपासला गेला, आणि त्याच्या आतल्या पडद्याचे फोटो थोरलीनंच काढले. दोन फोटो हलले. असं तिच्या हातून फार दिवसांत झालं नव्हतं. पडद्यावर गाठ होती. डॉक्टर कुरळीच्या आईला म्हणाले, वेळेत आलात. जीव जाणार नाही. डोळ्याचं मात्र उपचारांनंतरच कळेल.

मग बोलणी सगळीकडे पसरली. डॉक्टरांनी चार जणांसमोर थोरलीची पाठ थोपटली. आई फोनवर सांगत सुटली, "थोरलीची नजर घारीची. लहानपणी तांदळातला खडा हिलाच आधी दिसायचा." नवरा म्हणाला, "म्हणजे तो फ्लॅश घ्यायला लावलास ते बरंच झालं म्हणायचं. छत्री असती तर दिसलंच नसतं." ती भाजी चिरत होती. तिनं मान वर केली नाही.

"नसतं दिसलं," ती म्हणाली.

कुरळीच्या आईनं तिचे दोन्ही हात हातात घेतले होते. "माझी पोर दोन वर्षं माझ्या मांडीवर आहे, मला दिसलं नाही. तुम्ही किती मायेनं बघितलं असेल!" थोरलीनं हात हळूच सोडवून घेतले आणि मशीनची हनुवटीची पट्टी पुसायला लागली. ती आधीच पुसलेली होती.

पाळणाघरवाल्या बाईंनी दारातला फोटो उतरवला. बाकी आया बघून घाबरतात, म्हणाल्या. पुढच्या कामांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. धाकटीही ताईकडे काही बोलली नाही. फोनवर ती "हं" आणि "बरं" एवढंच म्हणायची.

उपचार सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कुरळीच्या आईनं थोरलीला गाठलं.

"एक मागू? उद्यानंतर काय होईल कुणास ठाऊक. दोन्ही डोळ्यांसकट हिचा एक फोटो हवाय. चेहऱ्याचा."

"माझी बहीण काढेल. छान काढते."

"त्यांनी काढला तो सुंदरच होता हो. पण आता बघवत नाही. तो काळा केलेला डोळाच दिसतो." "तुम्ही काढाल? तुम्हाला दिसतं."

थोरलीनं नाही म्हणायला हवं होतं. तसं म्हणायचं ठरवूनच तिनं श्वास घेतला होता. पण कुणीतरी तिच्याकडे चेहऱ्याचा फोटो मागत होतं, भिंतीवर लावायचा.

"काढते," ती म्हणाली.

थोरलीनं फोन केला, तशी दुपारी धाकटी कॅमेरा घेऊन आली. वॉर्डाबाहेरच्या लांबट ओसरीत दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. आत खिडकीशी कुरळीची आई पोरीचे केस विंचरत होती. वेटोळी कंगव्याला दाद देत नव्हती.

"छोटी लेन्स लावून आणलीय," धाकटी म्हणाली. "नवी घेतली. तिला खिडकीच्या बाजूला बसव, उजेड कडेनं येऊ दे. फ्लॅश आणलेला नाही."

"बरं."

"दुकानदार भेटला होता. म्हणाला, लांबची लेन्स आणि तो फ्लॅश, ही जोडी डोळे लाल करायलाच चांगली. म्हणाला, तुमच्या ताईंना तर हे ठाऊक असणार."

थोरलीनं खिडकीकडे पाहिलं. "मग तू काय म्हणालीस?"

"असणारच, म्हटलं."

ओसरीच्या टोकाला कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं. त्याचं एक चाक करकरत होतं.

"धर," धाकटी म्हणाली.

थोरलीनं कॅमेरा दोन्ही हातांत घेतला. तो हलका होता, तिनंच निवडलेला. तिनं तो आपल्याकडे घेतला तेव्हा पट्टा ताणला गेला. त्याचं दुसरं टोक धाकटीच्या मनगटाला गुंडाळलेलं होतं, आणि ती ते सोडवत नव्हती. ओठांवर हसू होतं, अगदी गोड, आणि डोळे मात्र कॅमेऱ्यावर, ताईच्या बोटांवर, बोटं बटणाशी कशी गेली त्यावर खिळलेले. थोरलीनं हा चेहरा याआधी कधी पाहिला नव्हता. तरी तो आतून कसा लागतो, जबडा कुठे दुखतो, जिभेवर काय चव येते, हे तिला सगळं माहीत होतं.

तिनं पट्टा ओढला नाही. कॅमेराही सोडला नाही.

"येताय ना?" आतून कुरळीच्या आईचा आवाज आला. "आत्ता हसतेय ती."

"आले," दोघी एकदमच म्हणाल्या.